धर्माबादचं मशीन मीच निवडलं

दादा,

काल तुझा जलदान विधी झाला. टँकर आला नाही म्हणून वहिनीनं शेजारच्या तीन घरांतून घागरी आणल्या. आलेल्या माणसांना पाणी पुरतंय का, या काळजीत तिला रडायलाही सवड मिळाली नाही. भंतेजी बोलले, मग वस्तीतली माणसं बोलली. एकानं तुला मनमिळाऊ म्हटलं. वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. तुझ्या रंध्याला कुणी न विचारता हात लावला तर तू दोन-दोन दिवस त्या माणसाशी बोलत नव्हतास, हे तिला आणि मला माहीत. पण गेलेल्या माणसाला सगळेच मनमिळाऊ म्हणतात.

शिकलेली बहीण म्हणून मला बोलायला उभं केलं. मी उठले, तुझं नाव घेतलं आणि खाली बसले. लोकांना वाटलं, हुंदका आला. तसं नव्हतं. मला जे बोलायचं होतं ते त्या मांडवात बोलण्यासारखं नव्हतं. तुझ्याशीच बोलायचं होतं, आणि ते बोलायला माझ्याकडं पाच वर्षं होती. ती मी घालवली.

मोठ्या दुष्काळापासून सुरू करते, कारण तू माझ्यासाठी सुतार झालास तो तिथं. अण्णा आधीच गेलेले, कमावणारे आई आणि तू. चाकूरच्या अलीकडं पाझर तलावाचं काम निघालं होतं आणि सगळं गाव तिथं माती उपसत होतं. माझंही नाव हजेरीवर लावावं असं आईच्या मनात होतं. मी तेव्हा आठवीत. तू म्हणालास, "तिचं न्हाई लावायचं. ती शाळेत जाईल." आई म्हणाली, "शाळेत जाऊन खाईल काय?" तू म्हणालास, "माझ्यातलं."

मी दुपारी भाकरी घेऊन तलावावर यायचे. कामावरची टिकाव-फावडी सरकारी होती आणि त्यांचे दांडे रोज मोडायचे. दांडा मोडला की त्यावरची माणसं उन्हात बसून राहायची. एक दिवस तू वाळलेल्या बाभळीची फांदी तोडलीस आणि कुऱ्हाडीनं तासून दांडा केलास. मग काचेच्या तुकड्यानं खरवडून तो इतका गुळगुळीत केलास की टोळीतल्या बाया तो हातात घेऊन फिरवून बघायला लागल्या. "किसन्याच्या दांड्यानं फोड येत न्हाईत," असं त्या म्हणायच्या. आठवडाभरात मुकादमानं तुला मातीवरून उठवलं आणि झाडाखाली बसवलं. सगळ्या तलावाचे दांडे तू केलेस. तो तलाव पुढं कधी भरला नाही. पण दुष्काळ संपला तेव्हा तुझ्या हातात कसब होतं, आणि मी नववीत गेले होते.

मग लातूरच्या लाकूड अड्ड्यावर तू किती वर्षं काढलीस, सगळी हत्यारं एकेक करून कशी जमवलीस, नांदेड रस्त्याला पत्र्याचं शेड कसं टाकलंस, हे इथं सांगत नाही. बाजारातले जुने कारागीर तुला "दांडेवाला" म्हणायचे. सुतार म्हणायला त्यांची जीभ वळत नव्हती. का वळत नव्हती ते आपल्या दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून आपण त्यावर कधी बोललो नाही. तू फक्त दाराच्या चौकटी अशा बसवायचास की सांध्यात कागद जाऊ नये.

आणि लातूर जिल्हा झाला. भाड्याच्या घरांवर कचेऱ्यांच्या पाट्या लागल्या. साहेब आले आणि त्यांना बसायला खुर्च्या नव्हत्या. जिकडंतिकडं रस्ते रुंद होत होते, कडेच्या बाभळी पडत होत्या. चाकूरकडच्या शाळांना बाकं मंजूर झाली, त्यात मी शिकवायला लागले होते ती शाळाही होती. ते काम तुला मिळालं. तू शनिवारी मला सांगितलंस तेव्हा तुझा आवाज अगदी साधा होता, पण कानावरची पेन्सिल तू तीन वेळा काढलीस आणि तीन वेळा परत ठेवलीस.

अट एकच होती. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत बाकं पोचली पाहिजेत. हातकरवतीनं ते होणार नव्हतं. लाकूड चिरायला कटर मशीन हवं होतं.

"तू चल माझ्यासंगं," तू म्हणालास. "कागद इंग्रजीत असत्यात. तू वाच आन् तू सांग."

नांदेडच्या दुकानातलं मशीन नवं होतं. हिरवा रंग, खाली अँगलचं स्टँड, वर पत्र्याचं टेबल आणि त्यातून वर आलेलं गोल पातं. पात्यावर लोखंडी टोपी होती, बोट आत जाऊ नये म्हणून. पात्याच्या मागं एक पोलादी पट्टी उभी होती. ती कशाला, असं मी विचारलं, तर दुकानदारानं नीट समजावलं. ओलं लाकूड चिरताना मागची चीर मिटते आणि पात्याला आवळते. मग पातं ते लाकूड उलट माणसाच्या अंगावर फेकतं. पट्टी असली की चीर मिटत नाही. "ही टोपी आणि ही पट्टी कधी काढू नका," तो म्हणाला. मी ते मशीनच्या इंग्रजी पुस्तकातही वाचलं आणि तुला मराठीत सांगितलं. म्हणजे मला माहीत होतं, दादा. न कळून केलं असं मला म्हणता येत नाही.

तू खिशातून चार आण्याचं नाणं काढलंस, टेबलावर कडेवर उभं केलंस आणि दुकानदाराला मशीन चालू करायला सांगितलंस. पत्रा थरथरला. नाणं लगेच पडलं. दुकानदार म्हणाला, समोर दिसतंय ते नमुन्याचं आहे, तुमचं मागवावं लागेल, दीड महिना धरा.

दुसरं मशीन धर्माबादला होतं. गाडीतून उतरलो तर मिरचीच्या ठसक्यानं दोघंही शिंकत होतो. कापसाची एक जिनिंग कधीची बंद पडलेली, तिच्या मागच्या सुतारशाळेत ते उभं होतं. विलायती, जुनं, आख्ख्या ओतीव लोखंडाचं. म्हातारा चौकीदार मराठीत तेलुगू मिसळून बोलत होता. त्यानं पोतं बाजूला केलं आणि तू हातानं टेबलावरची धूळ पुसलीस. आत आरशासारखं लोखंड होतं. तू वाकून एका डोळ्यानं त्याची सपाटी बघितलीस, पातं हातानं फिरवून बेअरिंगचा आवाज ऐकलास आणि नाणं उभं केलंस. चौकीदारानं खटका दाबला. मशीन गुरगुरलं, पण नाणं उभंच राहिलं. आपण तिघंही त्या नाण्याकडं बघत उभे होतो.

"टोपी कुठंय याची?" तू विचारलंस.

"होती," चौकीदार म्हणाला. "मालकाच्या टायमाला होती. आता कुठं गेली मालूम न्हाई."

मागची पट्टीही नव्हती. किमतीत फारसा फरक नव्हता. परतीच्या गाडीत तू म्हणालास, "शांते, मला नवं बरं वाटतंय."

"नाणं पडलं ना त्याचं."

"पडलं. पण त्याला टोपी हाय."

"टोपी काय, तू घरी करशील. तलावाचे दांडे केलेस, एक टोपी होणार नाही? आणि दीड महिना थांबलास तर जूनच्या आत बाकं कशी होतील? माझी पोरं अजून एक वर्ष जमिनीवर बसतील."

तू हसलास. "माझी पोरं" असं मी पहिल्यांदाच म्हटलं होतं, लग्नाआधीच. "बरं," तू म्हणालास. "तू म्हणती तर जुनं."

एवढंच. पाच मिनिटांचंही बोलणं नव्हतं.

मशीन ट्रकमधून आलं. उतरवायला आठ माणसं लागली. बाजारातले ते जुने कारागीरही बघायला आले. त्यांतल्या एकानं टेबलावरून हात फिरवून म्हटलं, "किसनराव, माल चांगला आणला." दांडेवाला म्हणाला नाही. ते तू वहिनीला सांगितलंस, आणि वहिनीनं मला. त्या दिवशी मी निवडलेल्या मशीनमुळं माझ्या भावाला कुणीतरी राव म्हणालं, याचा मला किती अभिमान वाटला होता, ते आता आठवलं की जीव नको होतो.

टोपी तू करणार होतास. पहिल्या आठवड्यात म्हणालास, दुसऱ्या आठवड्यात म्हणालास. मधल्या काळात चीर मिटू नये म्हणून तू लाकडी पाचर वापरायचास. फळी अर्धी चिरली की डाव्या हातानं मागं पाचर ठोकायची आणि मग पुढं ढकलायची. रस्त्याकडेच्या बाभळीचं ओलं लाकूड होतं. ते वाळवायला हवं होतं आणि तुला ते माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. पण मी दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की एसटीनं यायचे आणि आल्या आल्या विचारायचे, किती झाली?

त्या शनिवारीही आले. दुपारचे दोन वाजले असतील. शेडचं दार उघडं होतं आणि तू पाठमोरा होतास. फळी अर्ध्यात आली होती, तुझ्या डाव्या हातात पाचर होती. मशीनचा आवाज मोठा होता म्हणून मी दारातूनच ओरडले, "दादा, किती झाली?"

तू मान वळवलीस. माझ्याकडं बघून हसलास सुद्धा.

पाचर बसली नाही. लाकूड आवळलं, फळी उसळून तुझ्या पोटावर आली आणि तुझा डावा हात आधार शोधत खाली गेला. पुढचं मी लिहीत नाही. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं. माझ्या साडीचा पदर मी फाडला होता, एवढं आठवतं. दवाखान्यात जाईपर्यंत तू एकदाही ओरडला नाहीस. रिक्षात म्हणालास, "मशीन बंद केलं का बघ."

दवाखान्यात लोक विचारायला लागले, कसं झालं? मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "जुनं मशीन. टोपी नव्हती." सगळ्यांनी माना हलवल्या. सगळ्यांना पटलं. आणि मी गप्प बसले, दादा. तू मला वाट करून दिलीस आणि मी त्या वाटेनं निघून गेले.

त्यानंतर आपलं ते भांडण सुरू झालं. मी येता-जाता म्हणायचे, नवं घ्यायला हवं होतं, माझीच चूक, मीच जुनं घ्यायला लावलं. वहिनीसमोर म्हणायचे, पाहुण्यांसमोर म्हणायचे. तू दर वेळी चिडायचास. "मशीनला नाव ठेवू नको. मशीन झकास हाय. जुनंच बरोबर होतं." मी म्हणायचे, टोपी असती तर? तू म्हणायचास, टोपी करायची मला होती, मी केली न्हाई. हा वाद आपण पाच वर्षं घातला आणि तो कधीच संपला नाही. आता कळतंय की मी छोटी चूक मोठ्यानं कबूल करत होते. तसं केलं की दुसरी कुणाला दिसत नाही. तुला काय वाटत होतं ते मला माहीत नाही. तू हाकेचा शब्द कधी काढला नाहीस. मला वाटायचं, धक्क्यानं विसरला असेल. तसं वाटून घेणं सोयीचं होतं.

बाकं झाली. दोन कारागिरांनी ती पुरी केली आणि जूनमध्ये पोचवली. माझ्या वर्गात ती अजून आहेत, एकाचाही सांधा हललेला नाही. पोरं त्यावर बसून पाढे म्हणतात आणि मी फळ्याकडं तोंड करून उभी राहते.

हात बरा झाल्यावर तू पहिली वस्तू केलीस ती टोपी. उजव्या हातानं पत्रा कापायचा आणि डाव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांनी धरायचा. मागची पट्टीही घासून बसवलीस. महिना लागला. वहिनी मदतीला गेली तर तिला बाहेर काढलंस. टोपी बसली आणि मशीन दुसऱ्यांच्या ताब्यात देऊन तू कोपऱ्यात पात्यांना धार लावायला बसलास. रंधा तुझ्याच्यानं धरवत नव्हता. चौकटी दुसरे बसवायला लागले आणि त्यांत कागद जायला लागला. तू ते नुसतं बघायचास. ज्यानं तुला राव म्हटलं होतं तोच म्हातारा एकदा शेडवरून जाताना कुणाला तरी म्हणाला, "ज्याचं काम त्यानं करावं." तुला ऐकू गेलं. मला वाटलं, तू उठशील. तू धार लावत राहिलास. तलावावर सगळ्या गावाचे दांडे करणारा माणूस त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर खाली बसला, तो पुन्हा उठला नाही. डॉक्टरांनी तुझ्या शेवटच्या दुखण्याचं नाव लिहून दिलं आहे. ते बरोबर असेल. पण तू कधीपासून जात होतास ते मला माहीत आहे.

आज सकाळी उदगीरचा एक माणूस मशीन बघायला आला होता. वहिनीला शेड चालवणं जमणार नाही, तिनं विकायचं ठरवलंय. त्यानं टोपी वर-खाली करून पाहिली आणि कचरत विचारलं, "यावरच झालं होतं म्हणं त्यांचं?"

वहिनी म्हणाली, "झालं होतं. पण मशीनचा काही दोष नव्हता."

तो गेल्यावर मी दाराशी उभी राहिले. वहिनी सांडलेला भुसा झाडत होती. मी विचारलं, "दोष कुणाचा होता वहिनी?"

तिनं झाडू थांबवला नाही. "त्यांनी मला दवाखान्यातच सांगितलं होतं," ती म्हणाली. "तू हाक मारली म्हणून."

पाच वर्षं. पाच वर्षं मी तिच्या हातचं जेवले. दर शनिवारी तिनं मला गरम भाकरी वाढली, माझ्या लग्नात हळद लावली, बाळंतपणाला शेक दिला. आणि तिला माहीत होतं.

"मग मला बोलला कामून न्हाईत?" माझ्या तोंडून गावाकडचं निघालं. "दोघांतलं एक तरी बोलायचं."

"मी बोलणार होते. लई राग होता मला," वहिनी म्हणाली. "त्यांनी शपथ घातली. म्हणले, शांतेला बोललीस तर ती मला पुन्हा दारातून हाक मारणार न्हाई."

ती भुसा पोत्यात भरायला लागली. मीही वाकून भरू लागले.

दादा, त्या शनिवारनंतर मी तुला दारातून हाक मारलीच नाही. एकदाही नाही. मी यायचे, चपला काढायचे, हळूच आत यायचे, तुझ्या समोर येऊन उभी राहायचे आणि तू वर बघितलंस की मग बोलायचे. मला वाटायचं, हे कुणाच्या लक्षात येत नाही. तुझ्या लक्षात आलं असणार. पहिल्याच शनिवारी आलं असणार. ज्यासाठी तू वहिनीला गप्प बसवलंस ते तर झालंच नाही, आणि तरीही तू शेवटपर्यंत बोलला नाहीस.

मला माफ केलं होतंस का, हे मी वहिनीला विचारू शकले असते. ती खरं सांगते. पोतं भरून झालं, तिनं तोंड बांधलं आणि आम्ही दोघींनी ते उचलून भिंतीला लावलं. मी विचारलं नाही.